पोलादाच्या धारेला कर्बाचे कवच

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गळीत सुरू झाले म्हणजे बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या वाटेला लागतात. या व्यवसायात तोडणी करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ असे म्हणतात. माणसाची ओळखच जेथे त्याच्या हत्यारावरून होते, तेथे त्या हत्याराच्या धारेला काय मोल असेल, हे वेगळे सांगावयास नको. मजुरी पडते ती टनावर. धार बोथट झाली की एका घावाच्या जागी दोन घाव घालावे लागतात, मनगट भरून येते आणि संध्याकाळी गाडी भरते ती कमी.

धारेचे हे नुकसान मजुरापुरतेच राहत नाही. शेतकऱ्यालाही ते भोगावे लागते. ऊस जमिनीलगत तोडावा, अशी शिफारस आहे, कारण उसाच्या खालच्या कांड्यांत साखरेचे प्रमाण अधिक असते. शिवाय बुडखा उंच राहिला तर जमिनीवरच्या डोळ्यांतून अशक्त फुटवे येतात व खोडवा विरळ राहतो. बोथट कोयत्याने बुडखा कापला जात नाही, तो फाटतो. फाटलेल्या बुडख्यात पाणी व रोगजंतू शिरण्यास वाव मिळतो. परंतु येथेच खरी अडचण आहे. जमिनीलगत तोडावयाचे म्हणजे कोयत्याचे पाते दर घावाला मातीला, वाळूला आणि प्रसंगी दगडाला लागणार. ज्या घावाने साखर वाचते, त्याच घावाने धार जाते.

अशी धार अधिक काळ टिकावी म्हणून काय करता येईल, याचा विचार या लेखात केला आहे. कारखानदारीमध्ये कापणाऱ्या अवजारांवर कर्बाचे अतिशय कठीण लेप देण्याचे तंत्र आज चांगलेच रुळले आहे. हे तंत्र शेतीच्या अवजारांना कोठवर उपयोगी पडेल आणि जेथे ते उपयोगी पडणार नाही तेथे दुसरा कोणता मार्ग आहे, हे शेतकरी बंधूंनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे हितावह आहे.

धार जाते म्हणजे काय होते?

धार नाहीशी होण्याची कारणे मुख्यतः तीन आहेत. पहिले कारण घासले जाणे. मातीतील वाळूचे कण पात्यावर सूक्ष्म चरे पाडीत जातात. दुसरे कारण वाकणे किंवा तुटणे. पाते मऊ असेल तर दगडावर आपटून धार मुडपते, आणि फार कठीण असेल तर तिचा टवका उडतो. तिसरे कारण गंज. उसाच्या रसाने किंवा झाडाच्या चिकाने ओले झालेले पाते रात्रभर तसेच पडून राहिले तर सकाळपर्यंत धारेवर तांबूस थर चढतो. धारेची कड अत्यंत पातळ असल्यामुळे तेवढ्या गंजानेही ती खडबडीत होते.

यांतील पहिले कारण नीट समजण्यासाठी काठिण्याची तुलना पाहिली पाहिजे. व्हिकर्स मापनात साध्या मऊ पोलादाचे काठिण्य सुमारे १३० ते १५० भरते. योग्य पाणी दिलेल्या, भरपूर कर्ब असलेल्या पोलादाचे काठिण्य ७०० ते ८०० पर्यंत जाते. वाळूतील गारगोटीचे काठिण्य मात्र १,००० च्या वर असते. म्हणजेच उत्तम पाणी दिलेले पोलादही गारगोटीपेक्षा मऊच ठरते. ज्या पृष्ठभागावर घासणारा कण त्या पृष्ठभागाहून कठीण असतो, तो पृष्ठभाग झपाट्याने झिजतो. उलट, पृष्ठभाग कणापेक्षा कठीण झाला की झीज एकदम कमी होते.

दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकात मोकळी गारगोटी फारशी नसते. तथापि त्या खडकाच्या पोकळ्यांत गारगोटीच्या जातीचे खडे सापडतात व ते मुरमाड जमिनीत उतरतात. नदीकाठच्या वाळूमिश्रित जमिनीत आणि भंडारा-गोंदियाकडील भाताच्या जमिनींत गारगोटीचे कण अधिक आढळतात. त्यामुळे एकाच दुकानातून आणलेली दोन सारखी पाती एका शिवारात हंगामभर पुरतात आणि दुसऱ्या शिवारात महिन्याभरात संपतात. यात दोष नेहमीच दुकानदाराचा असतो असे नाही.

कर्बाचे कार्य

लोखंडाला पोलादपणा येतो तो कर्बामुळे. शेकडा पाव भागापेक्षा कमी कर्ब असलेले पोलाद मऊ व चिवट असते. त्याला तापवून पाण्यात बुडविले तरी ते म्हणण्यासारखे कठीण होत नाही. शेकडा अर्धा ते एक भाग कर्ब असलेले पोलाद लालभडक तापवून एकदम थंड केले तर ते कठीण होते. गावचे लोहार मोटारीच्या जुन्या कमानपाट्यांपासून कोयते घडवितात, त्यामागे हेच कारण आहे. कमानपाट्यांच्या पोलादात कर्बाचे प्रमाण शेकडा अर्ध्या भागाच्या आसपास असते. लोहाराने हे प्रयोगशाळेत मोजलेले नसते; पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ते त्याला ठाऊक असते.

कर्बाची रूपेही पाहण्यासारखी आहेत. चुलीतील कोळसा, शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइट आणि अंगठीतील हिरा ही सर्व कर्बाचीच रूपे होत. ग्रॅफाइटमध्ये कर्बाचे अणू पापुद्र्यांप्रमाणे रचलेले असल्यामुळे एक पापुद्रा दुसऱ्यावरून सहज घसरतो. हिऱ्यामध्ये प्रत्येक अणू चारही बाजूंनी चार अणूंशी घट्ट बांधलेला असतो, म्हणून हिऱ्याइतका कठीण पदार्थ निसर्गात दुसरा नाही. एकाच द्रव्याच्या रचनेत फरक पडल्याने एक वंगण होतो आणि दुसरा काच कापतो.

हिऱ्यासारखा कर्बलेप

ही दोन रूपे एकत्र आणता आली तर कठीण आणि तरीही गुळगुळीत असा लेप मिळेल. असा लेप प्रत्यक्षात तयार होतो. १९७१ साली अमेरिकेतील सोल आयझेनबर्ग व रोनाल्ड शॅबो यांनी विद्युतभारित कर्बकणांच्या झोतापासून बनविलेल्या पातळ थरांचे वर्णन प्रसिद्ध केले व त्यांना ‘हिऱ्यासारखा कर्ब’ असे म्हटले. या लेपात काही अणू हिऱ्याप्रमाणे, तर काही ग्रॅफाइटप्रमाणे जोडलेले असतात.

हा लेप ब्रशाने लावता येत नाही. स्वच्छ केलेले अवजार एका बंद टाकीत ठेवून त्यातील हवा उपसून काढतात. नंतर त्यात ॲसिटिलीनसारखा कर्बयुक्त वायू अल्प प्रमाणात सोडून विजेच्या साहाय्याने त्याचे अणू मोकळे करतात, किंवा ग्रॅफाइटच्या ठोकळ्यावर विजेची ठिणगी पाडून त्यातून कर्ब उडवितात. हे अणू वेगाने येऊन अवजारावर आदळतात व तेथे घट्ट बसतात. थराची जाडी सामान्यतः एक ते पाच मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून या लेपाच्या पातळपणाची कल्पना यावी. असे असूनही त्याचे काठिण्य प्रकारानुसार १,००० पासून ५,००० च्याही वर जाते.

अ‍ॅल्युमिनियम कापणारी हत्यारे, डिझेल इंजिनातील उच्च दाबाच्या इंधनयंत्रणेचे काही भाग, दाढीची पाती अशा अनेक ठिकाणी हा लेप वापरात आहे. १९९८ साली बाजारात आलेल्या जिलेटच्या ‘माक थ्री’ वस्तऱ्याच्या पात्यांवर असाच लेप होता.

मर्यादा कोणत्या?

एवढे कठीण कवच मिळत असेल तर ते कोयत्याला व फाळाला का देऊ नये, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर लेपाच्या जाडीत आणि त्याखालच्या पोलादात आहे.

चिखलावर पातळ काच ठेवून तिच्यावर खडा आपटला तर काच कठीण असूनही फुटते, कारण खालचा आधार दबतो. मऊ पोलादावरील कठीण लेपाची हीच गत होते. दगडाचा मार बसला की खालचे पोलाद चेपते आणि वरचा लेप तडकून निघतो. लेप टिकण्यासाठी अंगचे पोलाद आधीच चांगले कठीण असावे लागते. शिवाय जमिनीत चालणाऱ्या अवजाराचे पोलाद हंगामात मिलिमीटरच्या हिशेबाने झिजते. तेथे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा थर किती वेळ पुरणार? तिसरी गोष्ट अशी की, कोयत्याला शेतातच दगडावर धार लावावी लागते, आणि एकदा दगड फिरला की धारेच्या कडेवरचा लेप गेलाच.

उष्णतेचीही मर्यादा आहे. सुमारे ३०० ते ४०० अंश सेल्सियसच्या पुढे या लेपाचे ग्रॅफाइट होऊ लागते. विळ्या-कोयत्याला काम करताना एवढी उष्णता लागत नाही. पण लेप दिलेले पाते सुक्या एमरी चाकावर धरले तर कडेला ती सहज उत्पन्न होते.

यावरून एक साधा नियम निघतो. जेथे पाते मातीला लागत नाही, दगडाचा मार बसत नाही, पाते बारीक व चांगल्या पोलादाचे असते आणि काम नाजूक असते, तेथेच असा पातळ कर्बलेप विचारात घ्यावा. द्राक्ष व डाळिंबाच्या छाटणीच्या कात्र्या आणि कलमांचे चाकू ही अशा कामाची उदाहरणे होत. गुळगुळीत लेपामुळे पात्यावर चीक कमी चिकटतो व पाते हलके चालते. मात्र डाळिंबावरील तेल्या रोगाचा फैलाव टाळण्यासाठी कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून निर्जंतुक करावी लागते, आणि हे द्रावण पोलादाला गंजविते. लेपातील सूक्ष्म छिद्रांतून ते खाली पोहोचू शकते. म्हणून लेप असो वा नसो, दिवसाचे काम संपल्यावर कात्री स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात देऊन ठेवणे आवश्यक आहे.

बाजारात काळ्या रंगाची पाती ‘डायमंड कोटिंग’ म्हणून विकली जाण्याचा संभव असतो. काळा रंग म्हणजे कर्बलेप नव्हे. पोलाद तापवून किंवा रसायनात बुडवूनही काळे करता येते, आणि साधा रंग तर कोणीही मारतो. लेप कोणता, त्याची जाडी किती आणि खालचे पोलाद कोणते, याची लेखी माहिती मिळत नसेल तर जादा किंमत मोजू नये.

कर्ब पोलादात मुरविणे

माती उकरणाऱ्या अवजारांना वरून लेप देण्यापेक्षा त्यांच्या कातडीतच कर्ब मुरविणे अधिक फायदेशीर ठरते. ही रीत फार जुनी आहे. वखराची किंवा कोळप्याची पास, खुरपे अशी मऊ पोलादाची अवजारे लोखंडी पेटीत लाकडी कोळशाच्या भरड चुऱ्यात पुरून ठेवतात. चुऱ्यात धुण्याचा सोडा किंवा चुनखडीची पूड थोड्या प्रमाणात मिसळतात. पेटीचे झाकण चिकणमातीने लिंपून ती ९०० ते ९५० अंशांवर तापवितात. आतील थोड्याशा हवेत कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो, आणि तो तापलेल्या पोलादाला आपल्यातील कर्ब देतो. सहा ते आठ तासांत सुमारे एक मिलिमीटर खोलीपर्यंत कर्ब मुरतो. नंतर पाणी दिले की वरची कातडी कठीण होते आणि आतला गाभा चिवट राहतो. मार गाभा सोसतो, झीज कातडी सोसते.

कार्बन मोनॉक्साइड विषारी असून त्याला वास नसतो. म्हणून हे काम बंद खोलीत कधीही करू नये. एकदोन पासांसाठी इतका वेळ भट्टी पेटविणे परवडणारे नाही. गावातील अनेक शेतकऱ्यांनी आपल्या पासा एकत्र करून एकाच वेळी हे काम करून घ्यावे, हे उत्तम. कोल्हापूर, पुणे येथील औद्योगिक वसाहतींत पोलादावर उष्णोपचार करणारे कारखाने आहेत. सहकारी संस्थेमार्फत अवजारे तेथे पाठविल्यास तापमानावर नेमके नियंत्रण राहते.

हा उपचार पातळ विळ्याला मात्र करू नये. पाते २ मिलिमीटर जाड असेल आणि दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलिमीटर कर्ब मुरला, तर निम्मे पाते ठिसूळ होईल व पहिल्याच दगडावर मोडेल. कोयत्याच्या कमानपाट्यात मुळातच पुरेसा कर्ब असल्याने त्यालाही याची गरज नाही. त्याला गरज आहे ती नीट पाणी देण्याची.

उंदराच्या दाताचा धडा

कठीण थर पात्याच्या दोन्ही बाजूंना द्यावा की एकाच? या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याचा जुना शत्रू उंदीर याच्याकडून मिळते. उंदराच्या पुढच्या दातांची बाहेरची बाजू कठीण असते व आतली बाजू त्या मानाने मऊ. कुरतडताना मऊ भाग आधी झिजतो, कठीण कड पुढे राहते, आणि दात आपोआप धारदार होत जातात. त्याला दगडाची गरज लागत नाही.

हेच तत्त्व इंग्लंडमधील इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्सम यांनी नांगराला लावले. १८०३ साली त्यांनी ओतीव लोखंडाच्या अशा फाळाचे पेटंट घेतले की, ज्याची खालची बाजू ओततानाच झटकन थंड करून कठीण केलेली होती. वरची मऊ बाजू मातीने आधी झिजत असे आणि खालची कठीण कड धारदार राहत असे.

वखराच्या पासेला कर्ब मुरविताना हे तत्त्व सहज वापरता येते. पासेच्या वरच्या बाजूला चिकणमातीचा जाड थर लिंपून तो वाळू द्यावा. त्या बाजूने कर्ब फारसा शिरत नाही आणि खालची बाजू तेवढी कठीण होते. अशी पास झिजताना स्वतःच धार धरते.

वेल्डिंगने कठीण थर चढविणे

नांगराचे फाळ, कल्टिव्हेटरचे दाते व रोटाव्हेटरची पाती यांची झीज फार होत असल्याने त्यांना जाड कवच लागते. त्यासाठी कर्ब व क्रोमियम भरपूर असलेल्या वेल्डिंगच्या कांड्या मिळतात. या कामाला हार्डफेसिंग म्हणतात. थरामध्ये कर्ब आणि क्रोमियम यांच्या संयोगाने कार्बाइडचे स्फटिक तयार होतात व त्यांचे काठिण्य १,५०० च्या आसपास किंवा अधिक असते. गारगोटीला पुरून उरणारे कवच ते हेच. थर एक ते तीन मिलिमीटर जाड असतो. म्हणजे तो हिऱ्यासारख्या कर्बलेपाच्या शेकडो पटींनी जाड भरतो.

हे काम करून घेताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

(१) अवजार नवे असतानाच थर द्यावा. निम्मे झिजल्यावर दिलेल्या थराला आधार राहत नाही.

(२) गंज, माती व तेल पूर्णपणे काढावे.

(३) पोलादात कर्ब अधिक असेल तर अवजार आधी २०० ते ३०० अंशांपर्यंत गरम करून घ्यावे आणि नंतर राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून सावकाश थंड होऊ द्यावे. गरम अवजारावर पाणी ओतू नये.

(४) थर एकाच बाजूला द्यावा, दोन थरांपेक्षा अधिक चढवू नयेत. क्रोमियमच्या थरावर आडव्या बारीक भेगा दिसल्या तर घाबरण्याचे कारण नाही; परंतु भेग खालच्या पोलादात उतरता कामा नये.

(५) रोटाव्हेटरची पाती कारखान्यात पाणी देऊन कठीण केलेली असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने थराशेजारचा भाग मऊ पडतो. म्हणून थोडे थोडे काम करून पाते अधूनमधून निवू द्यावे. समोरासमोरच्या पात्यांवर सारख्याच वजनाचा थर द्यावा, अन्यथा रोटाव्हेटर थरथरू लागेल व बेअरिंग खराब होईल.

कोयत्यासाठी : पाणी, रंग आणि कानस

कोयत्याला हलकी, पातळ व सोसणारी धार हवी असते. तेथे वेल्डिंगचा जाड थर चालत नाही आणि पातळ कर्बलेप टिकत नाही. म्हणून ज्या लोहाराच्या हाती कोयता घडतो, त्याच्या पाणी देण्यावरच सारे अवलंबून असते.

कोयत्याची धारेची कड लाल तापवावी. योग्य उष्णता ओळखण्याची सोपी खूण लोहचुंबक होय. सुमारे ७७० अंशांवर पोलादाला चुंबक चिकटेनासे होते. त्याहून किंचित अधिक लाली आली की धार तेलात बुडवावी. कमानपाट्याचे पोलाद एकदम पाण्यात घातल्यास तडकण्याची भीती असते. यानंतर धार कठीण पण ठिसूळ असते. ती दगडाने घासून उजळ करावी आणि पाते पाठीकडून सावकाश तापवावे. उजळ पोलादावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा व शेवटी निळा रंग धारेकडे सरकत येताना दिसतो. पिवळ्या रंगावर थांबल्यास धार कठीण राहते, पण तिचे टवके उडतात. कोयत्याला दगडाचा मार असल्याने जांभळा रंग निळ्याकडे झुकू लागताच पाते निववावे.

नव्या कोयत्याची परीक्षा कानशीने होते. कानस धारेवर हलकेच फिरवावी. ती लोण्यात रुतावी तशी रुतली तर पाते मऊ आहे, मुळीच न रुतता काचेवरून घसरावी तशी घसरली तर धार फार ठिसूळ असण्याचा संभव आहे. कोयत्याच्या बाबतीत कानशीने जोर लावल्यावर थोडेसे चावावे, इतपत काठिण्य योग्य.

एक चूक वारंवार होताना दिसते. धार लवकर यावी म्हणून कोयता सुक्या एमरी चाकावर दाबून धरतात. ठिणग्या उडतात, कड निळी पडते आणि मालकाला धार चकचकीत दिसते. ती निळाई धारेच्या जिवावर उठलेली असते. लोहाराने दिलेले पाणी तेथे उतरलेले असते व ती धार दुपारपर्यंतही टिकत नाही. चाकावर धरावयाचेच असेल तर हलक्या हाताने धरून पाते पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवावे. त्याहून बरे म्हणजे दिवसातून दोनतीन वेळा ओल्या दगडाचे चार हात मारावेत.

खर्चाचा हिशेब व प्रात्यक्षिक

पात्याची किंमत पाहू नये, एकरी खर्च पाहावा. समजा, रोटाव्हेटरच्या पात्यांचा साधा संच ३,००० रुपयांचा असून तो १०० एकर चालला, तर एकरी खर्च ३० रुपये. त्यावर आणखी १,५०० रुपये खर्चून कठीण थर दिला व संच २०० एकर चालला, तर एकरी खर्च साडेबावीस रुपये येईल. परंतु तोच संच १३० एकरांतच संपला, तर एकरी खर्च ३४ रुपयांच्या वर जाईल व शेतकऱ्याचा तोटा होईल. हे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. खरे आकडे ज्याच्या त्याच्या जमिनीतूनच मिळतील.

ते मिळविण्याची रीत सोपी आहे. चार पाती साधी व चार थर दिलेली घ्यावीत. प्रत्येकावर खुणेचा ठोका मारून दुकानातील वजनकाट्यावर ग्रॅमपर्यंत वजन करून वहीत लिहावे. ती एकाच अवजारावर समतोल राहील अशी बसवावीत. दहा तास काम झाल्यावर पाती काढून, धुऊन, वाळवून पुन्हा वजन करावे. ज्याचे वजन कमी घटले, ते या शिवारात श्रेष्ठ. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी असे एक प्रात्यक्षिक मुरमाड जमिनीत व एक काळ्या जमिनीत घेतल्यास गावाला कोणाच्याही जाहिरातीवर अवलंबून राहावे लागणार नाही. कोयत्यासाठी वजनाऐवजी किती मोळ्यांनंतर दगड लावावा लागला, याची नोंद ठेवावी. ही नोंद तोडणी करणाऱ्या बाया-माणसांनाच विचारून ठेवावी, कारण धारेचा खरा हिशेब त्यांच्या मनगटाला ठाऊक असतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल या भीतीने शेतकरी तो घेण्यास धजावत नव्हते. ती शंका व्याख्यानांनी फिटली नाही, तासात चाललेल्या नांगराने फिटली. आज भीती उलट दिशेची आहे. नवे नाव व चकाकणारा लेप पाहून पारख न करताच पैसे टाकले जाण्याचा धोका आहे. दोन्ही वेळी उपाय एकच : स्वतःच्या शेतात चालवून पाहणे.

सारांश असा की, छाटणीच्या नाजूक पात्याला पातळ कर्बलेप, वखराच्या पासेला मुरविलेला कर्ब, फाळाला व रोटाव्हेटरला वेल्डिंगचा कठीण थर आणि कोयत्याला लोहाराचे नेमके पाणी, अशी ही वाटणी आहे. गळीत सुरू होण्यापूर्वी, पावसाळ्याच्या अखेरीस, गावच्या लोहाराला फुरसत असते. त्याच वेळी अवजारे एकत्र करून त्यांची कानशीने परीक्षा घ्यावी व ज्याचे पाणी उतरले असेल, त्याला पुन्हा पाणी द्यावे. हंगामाच्या पहिल्या दिवशी धारदार असलेला कोयता जमिनीलगत चालतो. त्यामुळे साखर उसात राहते, बुडखा न फाटता फुटतो आणि दिवसभर वाकलेल्या पाठीचे निदान काही घाव तरी वाचतात.